झाडीपट्टीच्या रंगमंचावर व्हिडिओ: मुक्त सॉफ्टवेअरवर भागतं का? (चर्चा; प्रत्येक मतावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

धानबांधी

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात मागच्या पडद्यावर व्हिडिओ आणायचा असेल, तर तो मुक्त सॉफ्टवेअरवर बनवावा आणि मुक्त सॉफ्टवेअरवरच चालवावा, असं माझं ठाम मत आहे. विरोध असेल त्यांनी जरूर लिहा, पण कारणासकट.

वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या दिवाळीनंतर निघतात आणि होळीपर्यंत जवळपास रोज नव्या गावात प्रयोग करतात. तात्पुरता मंच, जनरेटरची वीज, रेंज मिळाली तर मिळाली. ठराविक काळाने इंटरनेटवर परवाना तपासणारं सॉफ्टवेअर घेऊन तिथं जाऊ नये.

मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे, तर ज्याचा कोड कुणालाही वापरायला, बदलायला आणि वाटायला खुला आहे ते. व्हिडिओ संपादनाच्या डाविंची रिझॉल्व्हची एक आवृत्ती फुकट मिळते, पण ते मुक्त नाही. थेट दृश्यं बनवणाऱ्या टचडिझायनरची फुकट आवृत्ती १२८० बाय १२८० पिक्सेलपुढे चित्र देत नाही आणि व्यावसायिक कामाला तिची परवानगी नाही. तिकीट लावून होणारं नाटक व्यावसायिकच झालं. केडेनलाइव्ह (व्हिडिओ संपादन), ब्लेंडर (त्रिमिती ॲनिमेशन), इंकस्केप (रेखाचित्रं), ओबीएस (व्हिडिओ पडद्यावर चालवणं) यांना अशी अट नाही. पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या मंडळाला द्या, तेही कायदेशीर.

आता चालवण्याची रीत. नाटक मिनिटावर चालत नाही. एका लावणीला 'वन्स मोअर' आला की प्रवेश पाच मिनिटांनी लांबतो. म्हणून अख्ख्या नाटकाचा एकच व्हिडिओ करणं चूक. प्रत्येक प्रवेशाला ३० ते ६० सेकंदांचा फिरता तुकडा करा. ओबीएसमध्ये एका प्रवेशाला एक सीन, त्यात मीडिया सोर्स, 'लूप'वर टिक. हॉटकीमध्ये (सीन लावणाऱ्या कळा) १ ते ९ आकडे द्या, फेड ८०० मिलिसेकंद ठेवा. विंडोजचा डिस्प्ले 'एक्स्टेंड'वर, मग चित्रावर राइट क्लिक करून फुलस्क्रीन प्रोजेक्टर दुसऱ्या स्क्रीनवर. शून्य आकड्यावर निव्वळ काळा सीन हवाच, कारण कंदिलाच्या उजेडातला प्रवेश पडद्यावर काहीच नसताना जास्त उठतो.

तुकड्याचा सांधा दिसू नये यासाठी केडेनलाइव्हमध्ये तो मधोमध कापा, मागचा अर्धा पुढे आणा आणि दोघांच्या जोडावर दोन सेकंदांचा डिझॉल्व्ह द्या. मग शेवटची आणि पहिली फ्रेम मुळातच लागोपाठच्या असतात, झटका बसत नाही.

अल्बमवाला

भाऊ, ओबीएसवर चालवायला माझी हरकत नाही. बनवण्यावर आहे. गावात नाटकाचा व्हिडिओ कोण बनवतो? लग्नाची शूटिंग करणाराच. त्याचं पोट एडियसवर नाही तर प्रीमियरवर, म्हणजे संपादनाच्या विकतच्या सॉफ्टवेअरवर चालतं. गिऱ्हाइकाला हवे ते तयार प्रोजेक्ट, फुलांचे टायटल, अल्बमची पानं, सगळं त्याच फाइलींत येतं. केडेनलाइव्ह ते उघडत नाही. चार महिन्यांच्या हंगामासाठी त्यानं दुसरं सॉफ्टवेअर काहून शिकावं?

दुसरं, मोबाइलचं शूटिंग केडेनलाइव्हमध्ये टाकलं की वीस मिनिटांनी ओठ आणि आवाज जुळत नाहीत. तिसरं, रंग सुधारायला रिझॉल्व्हच्या तोडीचं मुक्त काही नाही. फुकट मिळतंय तर वापरा, त्याच्या परवान्याचा अभ्यास कशाला?

वैनगंगाकाठ

ओठ आणि आवाजाचा दोष केडेनलाइव्हचा नाही. मोबाइल कमी उजेडात फ्रेमरेट बदलत राहतो, कधी ३० तर कधी २४. एडिटिंगची टाइमलाइन मात्र ठरल्या गतीनं धावते. नवीन केडेनलाइव्ह अशी फाइल ओळखून ती बदलून घ्यायची का असं विचारतं, तिथं 'नाही' दाबलं की हा घोळ होतो. आधीच करायचं असेल तर हँडब्रेक हे व्हिडिओ बदलणारं सॉफ्टवेअर घ्या, तेही मुक्त आहे. व्हिडिओच्या टॅबवर ३० फ्रेम निवडा, 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'वर खूण करा, क्वालिटी १८ ठेवा. सगळ्या फाइली रांगेत लावून रात्री सोडून द्या.

शूटिंगवेळची एक चूक तर कोणतंच सॉफ्टवेअर नीट काढू शकत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/६० सेकंद असलं की चित्रावर काळे पट्टे सरकतात. फ्रेम ३० ठेवली तरी चालेल, शटर मात्र १/५० किंवा १/१००च हवं. ओपन कॅमेरा हे मुक्त ॲप, फोन साथ देत असेल तर, शटर हातानं बांधू देतं.

रंगाबाबत अल्बमवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. रिझॉल्व्हचं रंगाचं काम सरस आहे. पण त्याला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. लिनक्सवरची फुकट आवृत्ती एच.२६४ उघडतसुद्धा नाही, आणि मोबाइलचं बहुतेक शूटिंग त्यातच असतं. केडेनलाइव्हमध्ये ६४० पिक्सेलची प्रॉक्सी (संपादनापुरती हलकी नक्कल) चालू केली की चार जीबीच्या लॅपटॉपवरही काम सरकतं. अटकलं तर आधी जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा, रॅमचं नंतर बघा.

आणि एडियस-प्रीमियर विकत घेतलेलं असेल तर वादच नाही. पेनड्राइव्हवरून आलेलं क्रॅक (परवाना चुकवणारी प्रत) असेल, तर ते बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. त्या एका मिनिटात लोकांच्या लग्नाच्या फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरू शकतो. एवढी जोखीम घेऊन त्याला स्वस्त कसं म्हणायचं?

एलईडी भिंत

सॉफ्टवेअरवर वाद घालताय, पण पडद्यावर दिसणार आहे का ते बघा. प्रोजेक्टर ३५०० ल्युमेनचा, पडदा १६ फूट बाय ९ फूट, म्हणजे साधारण १३.४ चौरस मीटर. भागाकार केला की पूर्ण पांढऱ्या चित्राला २६० लक्स (पडद्यावरच्या उजेडाचं माप) मिळतात. समोरून हॅलोजन मारला की ते धुऊन जातात. एलईडी वॉल भाड्यानं आणा. तिच्यासोबत माणूस येतो, तो पैसे मोजलेलं सॉफ्टवेअर चालवतो आणि रात्री दोनला काही बिघडलं तर त्याची जबाबदारी असते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये रात्री दोनला फोन कुणाला लावणार?

मुक्त वस्तू मरतातही. प्रोजेक्शन चित्राचे कोपरे पडद्यावर बसवायला मॅपमॅप सुचवतात. कित्येक वर्षांत त्याची नवी आवृत्ती नाही.

धानबांधी

तुमचा हिशोब बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा. हॅलोजन समोरून न मारता दोन्ही विंगांतून ४५ अंशांत तिरपे मारा आणि नटांना पडद्यापासून सहा फूट पुढे ठेवा, म्हणजे उजेड नटावर पडून पडद्याबाहेर निघून जातो. व्हिडिओत फिकट आकाश न घेता गडद जमीन आणि त्यावर थोडी उजळ आकृती घ्या. रात्रीचं जंगल, पाऊस, दिव्याची वात हे २६० लक्समध्ये छान दिसतं. भर दुपारचा वाडा दिसणार नाही, तिथं रंगवलेलाच पडदा सोडा.

अंतरही मोजून घ्या. प्रोजेक्टरचं थ्रो गुणोत्तर (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर १६ फूट रुंदीला २४ फूट लागतात. समोरून मारलं तर नटाची सावली पडते, मागून मारायला मंचामागे एवढी जागा नसते. ०.५ गुणोत्तराचा शॉर्ट थ्रो मागच्या बाजूला आठ फुटांत बसतो. तेव्हा पातळ पांढरं कापड घ्या आणि प्रोजेक्टरच्या मेनूत 'रिअर' निवडा, नाहीतर पाटीवरची अक्षरं उलटी दिसतील.

मॅपमॅपबद्दल तुमचं खरं आहे, ते मीही सुचवणार नाही. पण मरण्याचीच गोष्ट काढली म्हणून सांगतो. ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणारा फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२०ला कंपनीनं बंद केला आणि जगभरच्या कलाकारांची परस्परसंवादी कामं ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. उलट ब्लेंडरची कंपनी २००२ साली बंद पडली, तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी गोळा करून त्याचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला करून घेतला. आज तो कुठं पोचलाय ते सगळ्यांना माहीत आहे. कोड हाती असला की कुणीतरी पुढं नेऊ शकतं. बंद सॉफ्टवेअरला ती वाटच नाही.

एलईडी भिंत

कुणीतरी म्हणजे कोण? सिरोंच्यात बसून कोड कंपाइल करणारा माणूस दाखवा. तत्त्व मान्य, पण हंगामात ते उपयोगी पडत नाही.

शाईपेन

मराठी अक्षरांचा मुद्दा कुणीच काढला नाही. ब्लेंडरमध्ये थेट देवनागरी टाइप केलं की मोडतं. 'किल्ला' लिहा, वेलांटी क-च्या पुढं जाते आणि जोडाक्षर फुटतं. मंडळाचं नाव पडद्यावर असं दिसणं म्हणजे त्या मंडळाचा अपमान आहे. नवख्या माणसानं काय करावं?

वैनगंगाकाठ

ब्लेंडर अक्षरं एकामागे एक ठेवतो, जोडाक्षर घडवायची सोय त्यात नाही. म्हणून नाव इंकस्केपमध्ये लिहा. फाँट युनिकोडच हवा. 'मुक्ता' किंवा 'बालू' हा फाँट घ्या, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. मग 'ऑब्जेक्ट टू पाथ', एसव्हीजीत सेव्ह, ब्लेंडरमध्ये इम्पोर्ट. आल्यावर ते फार लहान दिसतं, शंभरपट मोठं करा, मग जाडी द्या. अक्षराच्या पोटातली भोकं बुजली तर इंकस्केपमध्ये सगळे पाथ एकत्र करून पुन्हा आणा.

छपाईच्या दुकानातून आलेला मजकूर बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला असतो. तो चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पुन्हा टाइप करणंच बरं. पैसे भरून घेतलेल्या फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही दक्षिण आशियाई मजकुराची सेटिंग निवडली नाही तर देवनागरी अशीच फुटायची.

आणखी एक. तिसऱ्या पिढीच्या आय-३ लॅपटॉपवर ब्लेंडर ४ उघडणार नाही, त्याला ग्राफिक्सची ओपनजीएल ४.३ ही प्रणाली लागते. तिथं ३.६ घ्या, ते ३.३ वर चालतं. रेंडर ब्लेंडरच्या झटपट 'ईव्ही' इंजिनमध्ये करा, 'सायकल्स' इंजिनमध्ये एक मिनिटाचा तुकडाही रात्र खाईल.

मोहफूल

माझा विरोध मुक्तवाले आणि एलईडीवाले, दोघांनाही आहे. रंगवलेला पडदा ही झाडीपट्टीची ओळख आहे. तो रंगवणाऱ्या हातांना काम हवं. दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोककला तर पडद्याशिवायच उभी राहिली. व्हिडिओ लावायचाच तर नटाच्या हुकमात असू द्या. मागं सिनेमा आणि पुढं माणसं, अशी दोन वेगळी कामं एकाच तिकिटात नकोत.

धानबांधी

यातलं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते साध्य होतं. अर्डुइनो प्रो मायक्रो ही प्रोग्राम करता येणारी छोटी पाटी घ्या, त्याला संगणक यूएसबी कीबोर्ड समजतो. जुना उनो (आर३) घेऊ नका, त्याला ते थेट जमत नाही. पिन २ आणि ग्राउंड यांत घरच्या बेलचं बटण, ते पायाखालच्या फळीत बसवा. नटानं पाय दिला की '५' दाबल्याचा संदेश जातो, ओबीएस पाचवा सीन लावतो. वीज कडाडणं नटाच्या पावलावर येतं, ऑपरेटरच्या अंदाजावर नाही.

चुकतं ते इथं. बटणाचा स्प्रिंग थरथरतो आणि एका दाबात तीन संदेश जातात. पहिल्या दाबानंतर ५० मिलिसेकंद काही ऐकू नये असं कोडमध्ये लिहा. वायर ३० फूट झाली की डिमरचा (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) गोंगाट तिच्यात शिरतो आणि वीज आपोआप कडाडते. पाटीतला पुलअप (बटण दाबलेलं नसताना पिन ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) तिथं कमजोर पडतो. ४.७ किलोओमचा रेझिस्टर पिन २ आणि ५ व्होल्टमध्ये लावा, पीळ दिलेली जोडवायर वापरा आणि ती डिमरच्या वायरीपासून लांबून न्या. फळी फक्त त्या प्रवेशापुरतीच चालू राहावी यासाठी ऑपरेटरकडे एक साधा स्विच द्या.

अल्बमवाला

हे आवडलं. पण लॅपटॉप रोज टेम्पोतून न्यायचा, धूळ, थंडी. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक लावला तर?

वैनगंगाकाठ

फक्त फिरते तुकडे दाखवायचे असतील तर लावा, एमपीव्ही हा मुक्त प्लेअर त्यावर चांगला चालतो. ओबीएसची अपेक्षा त्याच्याकडून नको. पाय ४ एच.२६४ हार्डवेअरमध्ये उलगडतो. पाय ५ मधून ती सोय काढली आहे, तिथं प्रोसेसरच राबतो, तरी १०८० पर्यंत अडचण नाही. चार्जर मोबाइलचा नको, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, कमी पडले की चित्र अडखळतं. जनरेटर बंद पडल्यावर मेमरी कार्डावरची फाइल सिस्टीम बिघडते आणि पुढच्या गावी पाय सुरूच होत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम आहे, ती चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. नवा व्हिडिओ टाकताना तेवढी बंद करायची.

तुकडा चटकन सुरू व्हावा म्हणून काही जण हॅप कोडेक (व्हिडिओ साठवायची पद्धत) सुचवतात. तो लॅपटॉपला ठीक. १०८० आकाराला एक फ्रेम सुमारे एक एमबी, ३० फ्रेमला सेकंदाला ३१ एमबी. त्याला एसएसडीच हवी, मेमरी कार्डावर नको. एच.२६४ मध्येच प्रत्येक फ्रेम कीफ्रेम (स्वतंत्र पूर्ण चित्र) केली तरी काम भागतं, फाइल बरीच फुगते एवढंच.

एलईडी भिंत

जनरेटरबद्दल तरी माझं ऐका. लॅपटॉपला बॅटरी असते, प्रोजेक्टरला नसते. दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद झाला की पंखा थांबतो, दिवा तापलेलाच राहतो आणि पुन्हा पेटायला काही मिनिटं घेतो. ३०० वॉटच्या प्रोजेक्टरला ६०० व्हीएचा यूपीएस अगदी काठावर पडतो, १००० चा घ्या. हॅलोजन दुसऱ्या फेजवर टाका, नाहीतर ते पेटले की व्होल्टेज खाली येऊन यूपीएस दर वेळी बॅटरीवर उडी मारतो आणि पहाटेपर्यंत रिकामा होतो. एचडीएमआयची साधी वायर १५ मीटरच्या वर नेऊ नका. पुढं ऑप्टिकल घ्या, ती एकाच दिशेनं चालते, 'सोर्स' लिहिलेलं टोक लॅपटॉपकडे.

मोहफूल

आणि रंगवलेला पडदा व्हिडिओच्या कापडामागं टांगूनच ठेवा. यूपीएस संपला तर कापड वर ओढायचं, प्रयोग थांबत नाही.