घरच्या घरी सुतारकाम: खर्च खरा लिहा, हत्यारांसकट

चपलांचं कपाट आणि टीव्हीखालचं युनिट मिळून सुताराने 42 हजार सांगितले, तेही "ताई, तुमच्यासाठी म्हणून". घोडबंदर रोडला वन बीएचके, हप्ता चालू, म्हटलं चपलांचं कपाट तरी आपणच करू, असतं काय त्यात, चार फळ्या नि दोन दारं. तर ते झालं, दीड वर्ष उभंही आहे, पण "अगं स्वस्तात झालं" असं मी जे सगळ्यांना सांगत फिरते ते अर्धंच खरं. प्लाय, स्क्रू, बिजागऱ्या, फेविकॉल मिळून 4,300. ड्रिल मशीन, जिगसॉ (विजेवर चालणारी छोटी करवत), गुण्या (काटकोन तपासायचा), पॉलिश पेपर ह्यांचे 5,600 झाले, ते मी कधी धरतच नाही! म्हणून हा धागा. ज्यांनी घरी काही बनवलंय त्यांनी लिहा, खर्च खरा लिहा, आणि फसलेलं आधी लिहा.

माझं फसलेलं असं. प्लायची शीट आठ बाय चार फूट. चार फूट म्हणजे 48 इंच, मला 12 इंची चार फळ्या हव्या होत्या, बारा चोक अठ्ठेचाळीस, काही वाया नाही म्हणून मी खूश. पण करवतीचं पातं स्वतःच जवळजवळ तीन मिलिमीटर लाकूड खातं हे कोणी सांगितलंच नव्हतं. तीन काप म्हणजे नऊ मिलिमीटरचा नुसता भुसा. शेवटची फळी तेवढी अरुंद निघाली आणि मी नेमकी तीच खाली लावली, आता नवऱ्याचे दहा नंबरचे बूट पुढे नाक काढून बसलेले असतात.

शीट दुकानातच कापून आणा. आठ फुटी शीट आमच्या लिफ्टमध्ये जात नाही हे मला टेम्पो खाली उभा असताना कळलं. अकरावा मजला.

*

मी खारघरचा, नोकरी तळोजा एमआयडीसीत. आमच्याकडे मशीनचे पार्ट ज्या लाकडी पॅलेटवर (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी) येतात त्या नंतर भंगारात जातात, 200 रुपयाला एक मिळाली, पाच आणल्या. पॅलेट घेताना शिक्का बघा. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं आणि बाजूला अक्षरं. एचटी असेल तर लाकूड आतपर्यंत 56 डिग्रीला निदान 30 मिनिटं तापवलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती फुकट मिळाली तरी घरात नको. आणि ज्याच्यावर तेलाचे डाग आहेत ती पण नको, वास जात नाही, मी जाऊन आलोय त्यातून.

व्हिडिओत कोणी दाखवत नाही ते म्हणजे खिळे. पॅलेटचे खिळे पीळदार असतात, पहार घालून उचकटलं की फळीच फाटते. शेवटी दोन फळ्यांच्या फटीत हॅक्सॉ ब्लेड घालून खिळाच कापायचा, डोकं तसंच फळीत राहू द्यायचं. एका पॅलेटला अख्खा रविवार. बाल्कनीचा बाक व्हायला सात रविवार लागले, बायको म्हणाली तेवढ्यात डोंबिवलीला जाऊन आईला भेटून आला असतास.

आणि इतकं करून चार महिन्यांनी बाकाखाली पिठासारखी पिवळट भुकटी! एचटी म्हणजे तापवलं तेव्हा कीड मेली एवढंच, पुढे नवीन लागणार नाही असं नाही. टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून ब्रशने पाजलं, पण ते कोऱ्या लाकडातच मुरतं, म्हणजे आधी सगळं पॉलिश घासून काढा. पहिल्याच दिवशी पाजा. पॅलेट, पॉलिश, औषध मिळून 2,100 असतील. रविवारांचे पैसे लावत नाही.

*

ऐरोली. मी बनवलं काही नाही, दुरुस्त केलं. पार्टिकल बोर्डच्या (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) कपाटाची बिजागरी निघाली आणि स्क्रू परत धरेना, भोकात नुसता चुरा. अगरबत्तीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासल्या, दुसऱ्या दिवशी कापून सपाट केल्या आणि त्यातच स्क्रू पिळला. दोन वर्षं झाली. खर्च शून्य, अगरबत्त्या देवघरातल्या (जळून उरलेल्या काड्या, कोणी ओरडू नका).

*

आमची नौपाड्यातली जुनी इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. रिकामी करताना बाकीचे दारं-चौकटी भंगारवाल्याला देत होते, मी माझी दोन दारं आणि एक चौकट ठेवून घेतली. अस्सल जुनं सागवान. आता भाड्याच्या घरात त्याचं डायनिंग टेबल झालं आहे. वय 67, सुतार नाही, बँकेतून निवृत्त. वडिलांचा रंधा होता, एवढंच भांडवल.

दोन गोष्टी सांगतो. जुन्या लाकडात मोडलेले खिळे रंगाखाली दडलेले असतात. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवा. मी फिरवला नाही, पहिल्याच हाताला "खर्र" झालं आणि पात्याला खाच पडली, धार लावायला दोन दिवस गेले. दुसरी गोष्ट रंगाची. जुन्या तेलरंगात शिसं असायचं. 2017 च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) वर शिसं चालत नाही, पण आमच्या दारावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. असा रंग कोरडा घासू नये, धूळ पोटात जाते. रंग काढायचं केमिकल लावून ओला असतानाच खरवडला, आणि नातवाला तेवढे दिवस लेकीकडे पाठवलं.

घोडबंदरच्या ताईंना, सूत मोजायला शिका. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर, तुमच्या करवतीचा काप. आमचे वडील प्रत्येक कापाला एक सूत सोडायचे. टेबलाला लाकडाचा खर्च नाही, पॉलिश 900, रंधा फुकट, पातं नवीन घेतलं ते 350.

*

वाशीहून एकच सूचना, वरचं पॉलिश वाचून आठवली. अळशीचं तेल लावणार असाल तर फडके चुरगळून डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेला फडका आपोआप पेटू शकतो. मोकळा पसरून वाळवा, मग टाका. मी हे मोरीत धूर दिसल्यावर शिकले.

*

नेरूळ, सिडकोचं जुनं घर, भिंतीभर पुस्तकांचं शेल्फ. 18 एमएम प्लाय, एका फळीची लांबी चार फूट, मध्ये आधार नाही कारण "दिसायला छान". दिवाळी अंक आणि शब्दकोश चढवले, आठ महिन्यांत फळ्या झोपाळ्यासारख्या. मुलगा इंजिनीअरिंगला आहे, म्हणाला आई जाडी दुप्पट केली तर फळी आठपट ताठ होते. आता जाडी कुठून आणू? मग त्यानेच फळीच्या पुढच्या कडेखाली दीड इंची पट्टी उभी लावली, आडवी नाही, उभी, त्यातच सगळी गंमत आहे. वाकलेल्या फळ्या उलट्या करून बसवल्या. पट्ट्यांचे 480 रुपये. ते आधीच केलं असतं तर तीन दिवस पुस्तकं पलंगावर नि आम्ही जमिनीवर झोपलो नसतो.

*

कळवा. मे महिन्यात ड्रॉवर केला, असा चपखल बसला की शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. जुलैत उघडेना. पासपोर्ट आत. पुढची फळी सागाची, पाऊस पडला की लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. मी तावातावाने रंधा मारून मोकळा केला, जानेवारीत तोच ड्रॉवर खुळखुळा. आता दुसरा केला तो चॅनेलवर (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या), चॅनेलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडावा लागतो तो सोडला. पहिल्याला मेणबत्ती घासून चालवतोय.

*

थोडं वेगळं मत मांडू का? कोपरखैरणेत राहतो. मी हिशेब केला, हत्यारं, वाया गेलेली शीट, बोटाला तीन टाके, आणि मग पलंगाला सरळ सुतार बोलावला, पण ठेक्यावर नाही, हजेरीवर. 1,400 रोज, तीन दिवस. अट एकच, मी हाताखाली काम करणार. प्लायच्या कडेत स्क्रू आधी बारीक भोक न पाडता पिळला की थर सुटतात, हे त्यांनी मला माझ्याच फळीवर करू दिलं आणि मग हसले. त्या तीन दिवसांत जे कळलं ते शंभर व्हिडिओत नाही. फक्त सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असते हे आधी सांगा त्यांना, आमच्याकडे सेक्रेटरी वर आले आणि तेच नंतर स्वतःच्या किचन ट्रॉलीबद्दल विचारायला लागले.

*

घणसोली. पलंग बेडरूममध्येच जोडला, स्क्रू आणि फेविकॉल दोन्ही. घर बदलताना दारातून निघाला नाही. कापला. पुढे काही लिहवत नाही.

*

परत मी, घोडबंदरची. घणसोलीवाले दादा, मनापासून वाईट वाटलं पण मी मोठ्याने हसले, माफ करा. म्हणजे टीव्ही युनिटला फेविकॉल नाही, नुसते नट-बोल्ट, आमचं पण घर भाड्यानेच जायचं कधीतरी. नौपाड्याच्या काका, आज वहीत कापांचं चित्र परत काढलं, प्रत्येक रेघेला एक सूत सोडलं, तर एक फळी कमीच पडतेय, म्हणजे शीट दीड लागणार. दुकानदार अर्धी शीट देत नाही. ठाण्यात कोणाला उरलेली अर्धी हवी आहे का, 18 एमएम, कमर्शियल, पैसे निम्मे? शनिवारी आणतेय. चार क्लॅम्प (फळ्या घट्ट आवळून धरायचे) पण उसने हवेत, सोमवारी नक्की परत.