रि: वर्गणीतनं रिचार्ज द्यायचं की शाळेत नेटची लाईन

प्रेषक: टिळकवाडीची ताई, चिटणीस (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या वर्गणीतनं जे उरलंय ते यंदा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांच्या दहावीच्या पोरांसाठी वापरायचं असं कमिटीत बोलणं झालंय. गरजू मुलांना वर्षभर मोबाईलचं रिचार्ज करून द्यावं अशी सूचना आलीय. जिओचा दिवसाला दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक 299 रुपयांना पडतो, म्हणजे आपल्याला इथं जड नाही, आणि भारतात डेटा जगातल्या सगळ्यात स्वस्त देशांत मोडतो त्यामुळं थोड्या पैशात बरीच मुलं बसतील. कुणाला काही सांगायचं असलं तर या आठवड्यात लिहा.

---

प्रेषक: निपाणीकर काका (लंडन)

ताई, मदत करायचीच, त्यात दुमत नाही, पण एका जीबीला किती पडतं हा हिशोब माझ्या मते उपयोगाचा नाही. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं त्याच्या आधी एक जीबीला अडीचशेच्या आसपास मोजायला लागायचे आणि नंतर तो भाव दहा-बारा रुपयांवर आला, हे सगळं खरंय आणि त्याचं कौतुकही आहे. पण घरातल्या बाईला जीबी विकत घ्यायचे नसतात, तिला महिन्याचं रिचार्ज मारायचं असतं.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, आणि युनेस्को यांच्या ब्रॉडबँड आयोगानं 2018 मध्ये एक माप ठरवलं, की साधं नेट देशाच्या माणशी मासिक उत्पन्नाच्या 2 टक्क्यांच्या आत मिळालं पाहिजे. आपल्याकडं माणशी उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आसपास धरा, महिन्याचे 2 टक्के म्हणजे सव्वातीनशेच्या घरात, म्हणजे 299 वाला पॅक पास. पण त्या सरासरीत बेंगळूरचा आयटीवाला पण आहे आणि खानापुरातल्या कणकुंबीतली शेतात भांगलणीला जाणारी बाई पण आहे. कर्नाटकात उद्योग खात्रीची, म्हणजे रोजगार हमीची, मजुरी 2025-26 ला दिवसाला 370 होती. एक रिचार्ज म्हणजे जवळजवळ एक अख्खा दिवस, घरात तीन फोन असले तर तीन दिवस, आणि 28 दिवसांचा महिना असल्यामुळं वर्षाला बारा नाही तेरा रिचार्ज बसतात. 2024 च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा जिओचा हाच पॅक 239 चा 299 झाला, शहरात कुणाला कळलं पण नसेल.

मी नोकरीनिमित्त नैरोबीत होतो. 2009 च्या जुलैत सीकॉमची समुद्राखालची केबल पूर्व आफ्रिकेत चालू झाली, त्याच्या आधी तिथलं सगळं बाहेरचं नेट सॅटेलाईटवरनं यायचं, महाग आणि रखडत. केबल आल्यावर मोंबासा-नैरोबीत भाव उतरले, पण युगांडा, रवांडा, मलावी यांना समुद्रच नाही, त्यांना शेजारच्या देशातनं जमिनीवरनं वायर आणायला लागते आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी पैसे घेतो. माल बंदराला स्वस्तात आला म्हणून आतल्या गावात स्वस्त मिळेल असं नसतं, आणि आपल्या सीमाभागात काय वेगळं आहे?

---

प्रेषक: खानापूरचे गुरुजी (मुलाच्या ईमेलवरनं)

सर्वांना नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, चिरंजीव तुमच्या मंडळात आहेत. त्यांनी वाचायला दिलं म्हणून लिहितो.

रिचार्ज दिलात तर खानापूर गावात, नंदगडात उपयोग होईल. जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं किंवा भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत रिचार्ज असून रेंज नसते. जंगलखात्याची परवानगी लागते म्हणून टॉवर होत नाही, असलेला टॉवर पावसात लाईट गेली की बॅटरी संपून बंद पडतो, आणि तिकडं पाऊस कसला असतो ते तुम्हाला सांगायला नको, मलप्रभेचा उगमच तिथला. चोर्ल्याच्या बाजूला गोव्याचा टॉवर पकडतो, चंदगडच्या बाजूला महाराष्ट्राचा. पूर्वी त्याला रोमिंग पडायचं, घरात बसून पैसे कापले जायचे. आता देशात रोमिंगला वेगळे पैसे नाहीत ही मोठी सोय झाली, पण पोरगं रेंजसाठी अजून टेकडावरच जातंय.

कोरोनाच्या वर्षी, 2020 ला, कर्नाटक सरकारनं विद्यागम योजना काढली, पोरांकडं फोन नाही, नेट नाही म्हणून शिक्षकांनीच गल्लीत, देवळात जाऊन शिकवायचं. देवळाच्या कट्ट्यावर पोरं बसवून शिकवलेले शिक्षक माझ्या माहितीतले आहेत. तेव्हा कळलं की नेट नसलेली मुलं किती आहेत.

आणि आता नेट फक्त अभ्यासाला लागत नाही. जमिनीच्या पहाणीचा उतारा, रेशनचं केवायसी, स्कॉलरशिपचा फॉर्म, बायकांना मिळणारे सरकारी गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाले का ते बघणं, सगळं ऑनलाईन. ज्याच्याकडं नेट नाही त्यानं सरकारी कामं करून देणाऱ्या ग्राम वन सेंटरला जायचं, जायला-यायला बसचे पैसे आणि मजुरीचा खाडा. तो खर्च कुणी नेटच्या खर्चात धरत नाही, माझं म्हणणं तो धरायला पाहिजे.

---

प्रेषक: शहापूरचा, डॅलस

गुरुजी नमस्कार! मी नेटच्या फायबर वायरच्या कामातच आहे म्हणून एवढंच सांगतो, सरकारची भारतनेटची वायर पंचायतीपर्यंत आणायची योजना आहे. आपल्याकडं एका पंचायतीत पाच-सात गावं-वाड्या, मधे जंगल नाहीतर ओढा, मग पंचायत ऑफिसला वायर आली तरी वाडीतल्या शाळेला ती नाही. शेवटचे दोन-तीन किलोमीटर महाग, कारण तेवढ्या लांब एकाच गिऱ्हाइकासाठी वायर ओढायला केबलवाल्याला परवडत नाही. सरकारनं 2022 च्या जुलैत नेटवर्क नसलेल्या 24,680 गावांना 4जी द्यायचं 26,316 कोटींचं काम मंजूर केलंय, ते काम आपल्या वाड्यांत कुठपर्यंत आलंय ते पंचायतीत विचारूया.

दुसरं, अमेरिकेत काय झालं ते बघा. गरीब घरांना महिन्याला 30 डॉलर नेटच्या बिलात सूट द्यायची सरकारी योजना होती, 2 कोटी 30 लाखांवर घरं त्यात होती. पैसे संपले आणि 1 जून 2024 ला योजना बंद. बिल मात्र चालूच राहिलं. आपण एक वर्ष रिचार्ज देणार आणि पुढच्या वर्षी वर्गणी कमी पडली तर ते पोरगं मधेच लटकणार. त्यापेक्षा शाळेत एक फायबर कनेक्शन, एक चांगला राऊटर, आणि लाईट गेली तर चालायला इन्व्हर्टर, यात पैसे घालावे असं मला वाटतंय. एका लाईनवर पन्नास पोरं बसतात.

---

प्रेषक: वडगावची, टोरांटो

शाळेत लाईन चांगली कल्पना आहे पण एक विसरू नका. मुली. शाळा सुटल्यावर मुलगी घरी गेली की पाणी, भांडी, धाकटं भावंडं, आणि घरात एकच फोन असला तर तो भावाच्या हातात. माझ्या मावशीच्या घरी मी बघितलेलं आहे. संध्याकाळी पंचायतीच्या ग्रंथालयात, ते आता अरिवु केंद्र म्हणतात तिथं, नेट असलं तरी दुसऱ्या गावातनं चालत मुलीला पाठवणार कोण? भारतात मोबाईलवर नेट वापरणाऱ्या बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच कमी आहेत, याला फक्त पैसा कारण नाही. शाळेच्या वेळेत, शाळेतच, मुलींना वेगळा तास ठेवायचं कबूल असेल तर माझे पैसे धरा. नाहीतर दहावीच्या मुलींच्या नावावर रिचार्ज द्या, मी त्याच बाजूची.

---

प्रेषक: निपाणीकर काका

वडगावच्या ताईंचं बरोबर आहे. तासाची अट आधीच लिहून घ्या, नंतर कुणी करत नाही.

---

प्रेषक: टिळकवाडीची ताई

सगळ्यांचं वाचलं. गावाकडनं पण लोक विचारूलालेत की कधी ठरणार, म्हणून लांबवत नाही. दोन भाग करूया. जिथं रेंज आहे आणि शाळेला लाईन लगेच मिळणार नाही तिथं दहावीच्या मुलींना तेरा रिचार्ज, आईच्या नंबरवर. बाकी सगळे पैसे शाळेच्या लाईनसाठी, सुरुवात एकाच शाळेपासून, आणि दुसऱ्या वर्षाचं बिल आत्ताच बाजूला काढून ठेवायचं म्हणजे डॅलसवाल्यानं सांगितलं तसं मधे तुटणार नाही.

गुरुजी, तुम्हाला विनंती, जांबोटी भागातली कुठली शाळा घ्यावी ते तुम्ही मुख्याध्यापकांशी बोलून कळवा, तिथं शाळेच्या छपरापर्यंत पोल आहेत का आणि लाईट दिवसाला किती तास असते ते पण बघून सांगा. शहापूरच्या भावानं केबलवाल्याला विचारायचे प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून पाठवावेत. मुलींच्या तासाचं पत्र वडगावची लिहील. पैशाचा हिशोब पुढच्या मीटिंगला, ज्यांची वर्गणी राहिलीय त्यांनी त्याच्या आधी भरा.