मदत हवी आहे: होंड्यातले (शेततळ्यातले) मासे मरायलेत, हार्मोनच्या पिल्लांमुळं का?

होंडावाला
बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला आहे. होंड्यात मासे सोडलेत. आठवडा झाला, रोज सकाळी दोन-चार उताणे. अंगावर कापसासारखं पांढरं. पिल्लांच्या पावतीमागं कन्नडमध्ये बरंच छापलंय. शेजारची पोरगी कन्नड शाळेत जाते, तिनं वाचून सांगितलं, हार्मोनचं इंजेक्शन देऊन पैदास केली आहे. त्यानंच माशांची प्रतिकारशक्ती गेली असणार. विकणारा फोन उचलत नाही. काय टाकू तेवढं सांगा, भाषण नको.

निपाणीचा_पाव्हणा
कुठले मासे, किती, पाणी केवढं, कधी सोडले? डॉक्टरकडं गेलात तर नुसतं "दुखतंय" म्हणता का ओ?

होंडावाला
कटला, रोहू, थोडे सायप्रिनस. होंडा सरकारी मापाचाच, 21 बाय 21 मीटर. आता सांगा की.

घटप्रभाकाठ
पोटॅश टाका. आमच्याकडं दरवर्षी टाकतो, एका दिवसात कापूस गायब. दोन किलो पुरे.

काचेतली_मासळी
माझ्या गोल्डफिशला असंच झालं होतं. हीटर 28 वर ठेवला, चार दिवसांत बरा.

निपाणीचा_पाव्हणा
होंड्याला हीटर! आधी रात्रीची थ्री फेज मिळते का विचारा त्यांना.

विषमुक्त_शेती
हार्मोन म्हटलं की संपलं. तिलापियाला खाद्यातून हार्मोन देऊन माद्यांचे नर करतात, माहीत आहे का? असले मासे खाऊन माणसाची काय प्रतिकारशक्ती राहणार? मी तर फक्त नदीचा मासा खातो.

मंगळूर_रिटर्न
मंगळूरच्या मत्स्य कॉलेजात शिकलोय, म्हणून थोडं भाषण होणारच.

तिलापियाचं खरं आहे. पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन घातलेलं खाद्य देतात. पण कटला-रोहूचा त्याच्याशी संबंध नाही. हे मासे साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून नर-मादीला टोचतात. 1957 मध्ये हिरालाल चौधरींनी ओडिशात अंगुलला हे पहिल्यांदा जमवलं, माशाच्याच मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून. 10 जुलैला मत्स्य शेतकरी दिन असतो तो त्यामुळंच. आता तयार औषध मिळतं. संध्याकाळी टोचलं की पहाटेपर्यंत अंडी. टोचतात आईबापांना, आणि काम त्या रात्रीपुरतं. तुमच्या होंड्यातल्या माशांना कुणी सुई लावलेली नाही.

आता दोन गोष्टी सांगा. सकाळी पाणी किती गार असतं? जाळं किती वेळा ओढता?

होंडावाला
जाळ्याचा काय संबंध? दर रविवारी ओढतो, पोरं घरात असतात तेव्हा. सगळे काढून घमेल्यात घालतो, वजन करतो, परत सोडतो. वाढ बघायला नको? पाण्यात हात घातला तर बोटं बधिर होतात. पोटॅश आणायला निघालोय.

मंगळूर_रिटर्न
थांबा जरा. एकूण मासे किती?

होंडावाला
1,500.

निपाणीचा_पाव्हणा
441 चौरस मीटरात 1,500! मीटरला एक धरतात ओ. पावसाळ्यात खानापूरच्या एसटीत बसल्यागत झालं.

मंगळूर_रिटर्न
मग औषध नंतर, आधी हे वाचा.

माशाला हाडात मगज नसतो, आपल्यासारख्या लसिका गाठीही नसतात. रोगाशी लढणाऱ्या पेशी मुख्यतः मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात तयार होतात. कापून बघितलंत तर कल्ल्यांच्या मागं, पाठीच्या कण्याला चिकटलेला काळपट लाल गोळा दिसेल. त्याच गोळ्यात, त्या पेशींच्या शेजारी कॉर्टिसॉल हे हार्मोन बनवणाऱ्या पेशी असतात. मासा घाबरला की मेंदूकडून निरोप येतो आणि तासाभरात रक्तात कॉर्टिसॉल चढतं. एकदा चढून उतरलं तर काही बिघडत नाही, उलट थोडा वेळ मासा सावध होतो. पण गर्दी रोजची आणि रविवारी जाळं, घमेलं, तराजू. उतरायला सवडच नाही. मग लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी होतात, अँटिबॉडी कमी बनतात. वर जाळ्यानं अंगावरची बुळबुळ खरवडते, ती तर पहिली भिंत. कापूस दिसतोय ती बुरशी आहे. तिचे बीजाणू पाण्यात कायमच असतात, थंडीत असा मासा सापडला की धरतात.

तेव्हा तुमची शंका निम्मी बरोबर. हार्मोनच आहे, पण माशाचं स्वतःचं, आणि चढवताय तुम्ही.

विषमुक्त_शेती
म्हणजे हार्मोन वाईटच की.

मंगळूर_रिटर्न
नाही हो. वाढीचं हार्मोन आणि प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन बहुधा उलटं काम करतात, जंतू गिळणाऱ्या पेशींना जोर देतात. नराचं हार्मोन विणीच्या हंगामात प्रतिकार खाली आणतं. ट्राउट माशात तर त्या दिवसांत नरांनाच ही बुरशी जास्त धरते. एका शब्दात वाईट-चांगलं होत नाही.

घटप्रभाकाठ
एवढं पुराण कशाला? पोटॅशनं जातंय, मी डोळ्यांनी बघितलंय.

होंडावाला
आणलं पोटॅश. सुटं देईनात, पन्नास किलोचं पोतंच घ्यावं लागलं. लालसर खडे आहेत. दोन किलोच टाकायचं ना?

घटप्रभाकाठ
पोतं?? ओ दादा, ते खताचं पोटॅश, उसाचं! मी लाल औषध म्हणत होतो, विहिरीत टाकतात ते, जांभळं पाणी होणारं. टाकू नका!

निपाणीचा_पाव्हणा
म्हणून म्हणतो, पूर्ण नाव लिहीत चला.

मंगळूर_रिटर्न
लाल औषधही आज नको. गाळ असला की ते त्यातच संपतं, आणि जास्त झालं तर कल्ले जाळतं. मेलेले रोज काढून पुरा. निम्मे मासे दुसऱ्या पाण्यात हलवा, पण ऊन जरा चढल्यावर, आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवून. हलवताना दहा लिटर पाण्यात 200 ते 300 ग्रॅम साधं मीठ, त्यात एक-दोन मिनिटं. मासा कलंडला की लगेच बाहेर. थंडी सरेपर्यंत जाळं खुंटीला. पुढं महिन्यातून एकदा, फेकजाळ्यानं दहा मासे बास. तेही ओल्या हातानं.

काचेतली_मासळी
गोल्डफिशलाही मीठ चालतं का?

होंडावाला
(नऊ दिवसांनी) पाव्हण्यांच्या विहिरीत सातशे हलवले. त्या दिवशी अकरा मेले, शिव्या घालणार होतो तुम्हाला. मग दोन, मग एक, कालपासून नाही. रविवारी पोरं जाळं मागत होती, माळ्यावर टाकलंय. आता पाणकावळे बसायलेत काठावर, त्यांच्या भीतीनं पण ते कॉर्टिसॉल चढतं का?

मंगळूर_रिटर्न
चढतं. वरून दोऱ्या ताणा.

निपाणीचा_पाव्हणा
ते पोटॅशचं पोतं पडून असलं तर सांगा. लागणीला पाहिजे होतं, निम्म्या किमतीत देत असाल तर रविवारी येतो.