मदत हवी आहे: रेपो दर वाढवला की महागाई वाढते, असं उत्तर येतंय

कृष्णाकाठची
एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष. डिझर्टेशन भारताच्या पतधोरणावर. व्हीएआर (काही चलं एकमेकांच्या मागच्या आकड्यांवरून मांडणारं मॉडेल) चालवलं. रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) अचानक वाढीचा धक्का दिला की महागाई खाली यायला हवी ना? माझ्या आलेखात ती वर जाते आणि बरेच महिने वरच राहते. गाईड म्हणाले "चिन्ह उलटं आलंय, बघून घे", त्यापुढे काही नाही. कोड परत परत तपासलाय, त्यात काही नाही. पुढच्या आठवड्यात प्रकरण द्यायचंय. कुणी हे केलंय का? थिअरी समजावू नका प्लीज, ती येते मला.

सांख्यिकीवाला
कालावधी कुठला? मासिक की तिमाही? महागाई घाऊक निर्देशांकाची की ग्राहक निर्देशांकाची? चलं किती, कुठल्या क्रमाने? यातलं एकही लिहिलेलं नाहीस.

हप्तेकरी
रेपोचा विषय निघालाच आहे तर विचारतो. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.५० वर आला. माझ्या गृहकर्जाचा दर मात्र जेमतेम हलला. बँकेत म्हणतात तुमचं कर्ज एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणाऱ्या दरावर आहे. बदलून घ्यावं का?

निवृत्त बँकर
हप्तेकरी, १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग गृहकर्जं बाह्य दराला जोडावी लागतात. बहुतेकांनी रेपोच घेतला आहे, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर नव्याने ठरतो. तुमचं त्याआधीचं दिसतंय. शाखेत अर्ज द्या, शुल्क विचारा, उरलेली मुदत मोठी असेल तर बदला. हौसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर मात्र हा नियम तिला लागू नाही.

कृष्णाकाठची, तुझ्याही कामाचं आहे हे. २०१० ला बेस रेट (बँकेचा स्वतःचा किमान दर), २०१६ ला एमसीएलआर, २०१९ ला रेपोशी जोडणी. रेपो हलल्यावर कर्जाचा दर किती लवकर हलतो, ते या तिन्ही काळांत सारखं नाही.

मॉडेलवाली
व्हीएआर सोडून दे. छोटं न्यू केन्सियन (सिद्धांतावरून समीकरणं बांधलेलं) मॉडेल घे, डायनेअर सॉफ्टवेअरमध्ये बायेशियन पद्धतीने अंदाज काढ. चिन्हाचा प्रश्नच उरणार नाही.

सांख्यिकीवाला
उरणार नाही, कारण दर वाढला की महागाई उतरते हे त्या मॉडेलच्या रचनेतच बसवलेलं असतं. मग भारताच्या आकड्यांनी काय सांगितलं? आणि हे एका आठवड्यात?

मॉडेलवाली
तुमच्या व्हीएआरमध्ये चलांचा क्रम कोण ठरवतं? तेही गृहीतकच. माझ्याकडची गृहीतकं निदान समीकरणात लिहिलेली दिसतात. मुदतीचं मान्य, एका आठवड्यात नाही होणार.

कृष्णाकाठची
मासिक, २००१ ते २०२३. औद्योगिक उत्पादन निर्देशांक, महागाई, रेपो, याच क्रमाने. महागाई म्हणजे ग्राहक निर्देशांकातला वार्षिक बदल. २०११ च्या आधी एकत्रित निर्देशांक नाही म्हणून औद्योगिक कामगारांचा जोडलाय. ईव्ह्यूज सॉफ्टवेअर वापरते. हे सगळे असंच करतात ना?

मिंट रोडचा शेजारी
आता बोलता येईल. तुला जे दिसतंय त्याला 'प्राइस पझल' म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ सिम्स यांच्या १९९२ च्या लेखात अनेक देशांच्या आकड्यांत ते दिसलं होतं, त्यामुळे घाबरू नकोस. मध्यवर्ती बँकेला पुढची महागाई येताना दिसते आणि ती आधीच दर वाढवते. तुझ्या तीन चलांमध्ये ती माहिती नाही. म्हणून मॉडेलला इतकंच दिसतं की आधी दर वाढला, मग महागाई वाढली.

मे २०२२ घे. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेल आणि खाद्यतेल भडकलं. ४ मे रोजी ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो ४.०० वरून ४.४० केला. एप्रिलचा महागाईचा आकडा, ७.७९ टक्के, बाहेर पडला १२ मे रोजी. तेलाचा भाव मॉडेलमध्ये नसेल तर त्या दरवाढीचं कारण मॉडेलला कुठून कळणार? कच्च्या तेलाचा भाव, तोही रुपयात, सगळ्यांच्या आधी घाल.

दुसरं, २००१ पासून रेपो हा एकच धोरणदर धरता येत नाही. रोकड मुबलक असली की रिव्हर्स रेपो (रिझर्व्ह बँक बँकांच्या जादा पैशावर देते तो दर) लागू पडायचा, टंचाई असली की रेपो. ३ मे २०११ ला रेपो हा एकमेव धोरणदर झाला आणि कॉल मनीचा (बँकांमधल्या एका दिवसाच्या उसनवारीचा) भारित सरासरी दर हे कामकाजाचं लक्ष्य ठरलं. कोविडच्या काळात रेपो ४.०० होता, पण रोकड इतकी होती की कॉल दर ३.३५ च्या रिव्हर्स रेपोच्या आसपास घुटमळत होता. त्यामुळे रेपो काढ, कॉल दर घाल.

लासलगावकर
मला तर तिचं उत्तर बरोबर वाटतं. रेपो वाढवून टोमॅटो स्वस्त होतो का? जुलै २०२३ ला महागाई ७.४४ टक्के झाली ती टोमॅटो-भाजीपाल्याने. रेपो ६.५० वरच होता. पुढच्याच महिन्यात सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, आमच्याकडे लिलाव बंद पडले. भाव पाडायचं काम सरकार करतं, तेही शेतकऱ्याच्या खिशातून. हे तुमच्या मॉडेलमध्ये कुठे आहे?

सांख्यिकीवाला
रास्त मुद्दा. २०१२ च्या पायावरच्या निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचं वजन ४५.८६ टक्के आहे. अन्न आणि इंधन वगळून एकदा चालवून बघ.

मिंट रोडचा शेजारी
बघ जरूर, पण मुख्य निकाल तो ठेवू नकोस. कायद्याने लक्ष्य ४ टक्के, वरखाली २, आणि ते संपूर्ण ग्राहक निर्देशांकाचं आहे. खाद्यमहागाई वगळून लक्ष्य ठेवावं का याचा विचार व्हावा, असं २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत सुचवलं होतं. मला ते पटत नाही. घरातली माणसं महागाईचा अंदाज भाजी-डाळीवरूनच बांधतात, आणि मजुरी त्या अंदाजावर ठरते.

लासलगावकर
मजुरी ठरते हो, पण आमच्या मालाचा भाव कुठल्या अंदाजावर ठरतो तेही कुणीतरी लिहा डिझर्टेशनमध्ये.

नोकरीइच्छुक
ताई, हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी डीईपीआर (अर्थशास्त्र विभागाच्या) परीक्षेला उपयोगी पडतं का? नोट्स असतील तर द्याल का?

कृष्णाकाठची
नोट्स नाहीत, सॉरी. तेल आणि रुपया-डॉलर दर घातला, रेपोच्या जागी कॉल दर घेतला, मे २०११ पासून सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२० ला थांबले. एप्रिल-मे २०२० चे महागाईचे आकडे नंतर अंदाजाने भरलेले आहेत म्हणून. उंचवटा पुष्कळ कमी झाला पण गेला नाही. आता विश्वासपट्ट्यात शून्य येतं, म्हणजे परिणाम शून्यही असू शकतो. हे गाईडना कसं सांगू? चिन्ह अजून सरळ नाहीये.

मिंट रोडचा शेजारी
जसं आलंय तसं. जुना आणि नवा आलेख शेजारी शेजारी ठेव, प्रत्येक बदलाने उंचवटा किती उतरला ते लिही. परीक्षकाला यात हट्टाने सरळ केलेल्या चिन्हापेक्षा जास्त वाचायला मिळेल. पुढे वेळ मिळाला तर धोरणाच्या दिवशी एक वर्षाच्या ओआयएस दरात (पुढच्या दरांचा बाजाराचा अंदाज त्यात दिसतो) झालेला बदल हा 'अनपेक्षित धक्का' म्हणून वापर. बाजाराने आधीच धरलेली दरवाढ त्यातून बऱ्यापैकी गळून जाते.

सांख्यिकीवाला
महागाई अजून वार्षिक टक्केवारीतच आहे का? ती काढ. लागोपाठच्या दोन महिन्यांच्या आकड्यांत ११ महिने सामाईक असतात, धक्का पसरट दिसतो. निर्देशांकाचा लॉग घे, हंगामी चढउतार काढून. आणि लॅग (मागचे महिने) किती घेतलेत?

कृष्णाकाठची
१२. मासिक आहे म्हणून.

सांख्यिकीवाला
पाच चलं, १२ लॅग. प्रत्येक समीकरणात ६० सहगुणक आणि एक स्थिरांक. तुझे महिने १०६, त्यातले पहिले १२ लॅगमध्ये गेले, उरले ९४. एवढ्यात पट्टे रुंदच येणार. किती लॅग घ्यावेत यासाठी श्वार्झ आणि हॅनन-क्विन दोन्ही निकष बघ, बहुधा दोन-तीन लॅग सुचवतील. तेवढ्यावर चालव, अवशेषांत (मॉडेलने न पकडलेल्या भागात) सहसंबंध उरलाय का ते तपास, आणि आलेख इथे टाक.