टॅग प्रश्नाच्या वर की खाली?

कोकणी_कोडर: शेतीच्या प्रश्नोत्तरांची छोटी साइट बनवतोय, टॅग (प्रश्नाचा विषय सांगणारे छोटे शब्द) कुठे दाखवू कळेना. शीर्षकाखाली टाकले तर मोबाइलवर 'भात', 'करपा', 'खत' असल्या डब्यांच्या दोन ओळी होतात आणि मूळ प्रश्न पार खाली ढकलला जातो.

रात्रपाळी: प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट स्टॅक ओव्हरफ्लो बघ ना, तिथे टॅग प्रश्नाचा मजकूर संपल्यावर येतात, जास्तीत जास्त ५च, त्यामुळे पसारा होत नाही. गंमत म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर बऱ्याचदा शीर्षकाच्या आधी एक टॅग चिकटवलेला असतो, तेच नाव गूगलच्या यादीतही बऱ्याचदा दिसतं, म्हणजे तिथनं येणाऱ्याला आत शिरायच्या आधीच कळतं की हे पायथॉनचं आहे का जावाचं.

जुनी_खोड: खाली मला नाही पटत. 'पानं पिवळी पडतायत' एवढंच शीर्षक असेल तर भात की मिरची ते आधी नको कळायला? मी एकदा अख्खं उत्तर टाइप केलं आणि खाली बघतो तर टॅग 'आंबा', बसलो पुसत. वर एकच मुख्य टॅग ठेव, बाकीचे खाली.

कोकणी_कोडर: हे बरंय, पिकाचा वर, रोगाचा खाली. आणि उजवीकडे साइडबारमध्ये टाकले तर?

रात्रपाळी: मोबाइलवर साइडबार बहुतेक उत्तरांच्याही खाली जातो रे, कोण बघतंय तिथे!