सेकंडहँड योक घेताना बांधणी नेमकी कशी तपासायची?

उडता_इंदूरकर
नमस्कार मंडळी, मी इंदूरला सुदामानगरला राहतो. कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ (छोटं विमान) उडवतो, जास्त करून इंदूर-भोपाळ. सध्या साधी जॉयस्टिक आहे, तिचा ट्विस्ट रडर (स्टिक पिळून विमान डावी-उजवीकडे वळवायची सोय) गेलाय, जमिनीवर टॅक्सी करताना हात न लावता विमान डावीकडे ओढतं. आता योक घ्यायचाय, म्हणजे विमानातलं स्टिअरिंगसारखं हँडल, फिरवायचं आणि मागे-पुढे ओढायचं. विजयनगरला एक जण वापरलेला विकतोय, नाहीतर तेवढ्याच पैशात ऑनलाइन नवी चांगली स्टिक येते, दोन्ही काही परवडणार नाही. इथे दुकानात हात लावून बघायची सोय नाही, जेल रोडला विचारून आलो, माउस कीबोर्ड हेडफोन पाहिजे तेवढे पण योक म्हटलं की समोरचा नुसता बघत राहतो. यूट्यूबवर जो तो म्हणतो मेटल आहे, वजनदार आहे, एकदम सॉलिड आहे. पण मेटल आहे म्हणून चांगलं हे खरं का? त्याच्या घरी बघायला अर्धा तास मिळेल, तेवढ्यात काय काय बघू?

शेपटीचा_वारा
दादा, वजनावर अजिबात जाऊ नका. भांडं घेताना जड बघून घेतो ते ठीक, इथे जडपणा बहुतेक वेळा तुमच्या हाताला लागतो त्या भागात असतो आणि काम करतो तो भाग आत असतो. थ्रस्टमास्टरचा वॉर्टहॉग घ्या, ए-१० विमानाच्या स्टिकची नक्कल, हँडल धातूचं, हातात घेतलं की मन भरतं. पण त्याच्या खालचा सांधा प्लास्टिकचा आहे, वर मोठा स्प्रिंग, आणि ग्रीस सुकलं की मधोमध चिकटतो अशी बऱ्याच लोकांची तक्रार आहे. उलट व्हीकेबीची ग्लॅडिएटर बाहेरून सगळी प्लास्टिक, फोटोत खेळणं वाटेल, पण आत स्प्रिंग बदलता येतात, घर्षण कमी-जास्त करायला क्लच आहे आणि सेन्सर न घासणारे आहेत. मला विचाराल तर बांधणी म्हणजे हे.

मधोमध का महत्त्वाचं ते सांगतो. फायनलला, म्हणजे उतरायच्या आधी धावपट्टीच्या सरळ रेषेत असताना, तुम्ही स्टिक पूर्ण कधीच ढकलत नाही, सगळं काम मधल्या दोन-चार मिलिमीटरमध्ये चालतं. तिथे स्टिक आधी अडकली आणि मग एकदम सुटली तर नाक हवं त्यापेक्षा जास्त वर जातं, मग तुम्ही खाली दाबता, मग ते जास्त खाली जातं, आणि माणसाला वाटतं आपल्यालाच लँडिंग जमत नाही. खूप लोक याच कारणाने सिम सोडून देतात, मला फार वाईट वाटतं त्याचं.

लॅपटॉप घेऊन जा. विंडोजमध्ये जॉय डॉट सीपीएल चालवा, प्रॉपर्टीजमध्ये आधी रिसेट टू डिफॉल्ट करा, कारण आधीच्या मालकाच्या कॅलिब्रेशनमध्ये दोष झाकला जातो. मग कॅलिब्रेटमध्ये जाऊन डिस्प्ले रॉ डेटावर टिक करा, आकडे दिसतील. हात काढून घ्या, आकडे स्वतःहून नाचतायत का बघा. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू न्या, आकडा एका दिशेनेच जायला पाहिजे, मध्येच मागे उडी मारली तर समजा पॉट (पोटेन्शिओमीटर, हालचाल मोजणारा जुन्या पद्धतीचा सेन्सर) घासला. पॉटमध्ये पट्टीवर एक टोक घासत फिरतं त्यामुळे झीज आणि धूळ दोन्ही लागते, हॉल सेन्सरमध्ये चुंबक असतो, काही टेकतच नाही. पण खोक्यावर हॉल लिहिलंय म्हणून सगळे ॲक्सिस (हालचालीच्या दिशा) तसे असं समजू नका, थ्रस्टमास्टरच्या टी-१६०००एम स्टिकमध्ये मुख्य दोन ॲक्सिस हॉलचे आणि ट्विस्ट पॉटचा. तुमच्या जुन्या स्टिकचा ट्विस्ट पण असाच गेला असणार.

शेवटी डावीकडून सोडा आणि उजवीकडून सोडा, दोन्ही वेळी कुठे येऊन थांबतो तो आकडा लिहून घ्या. जितका फरक तितकं घर्षण.

ताशी_शंभर_नॉट
वरचं सगळं बरोबर, योकचं थोडं वेगळं असतं म्हणून जोडतो. योक मागे ओढलेला ठेवून फिरवा आणि फिरवलेला ठेवून मागे ओढा, दोन्ही करा. सरळ ओढला तर सगळेच छान चालतात, तिरपा जोर आला की दांडा बुशवर (दांडा ज्या कड्यातून सरकतो त्यावर) घासतो आणि तिथेच स्वस्त योक कुरकुरतो. वळून उतरताना नेमका हाच जोर येतो. दांडा बाहेर असताना वर-खाली हलवून प्ले (ढिलेपणा) किती आहे ते बोटांना कळेल. आणि फिरतो किती ते बघा, लॉजिटेकचा (जुना सायटेक, २०१६ मध्ये लॉजिटेकने घेतला) एकूण ९० अंश फिरतो, हनीकोम्ब अल्फा १८०. सेसनासाठी मला १८० वालाच आवडतो, छोटी सुधारणा हाताला कळते.

टेबलाच्या क्लॅम्पचे आटे गेलेत का आणि वायर जिथे आत शिरते तिथे वाकवल्यावर कनेक्शन तुटतं का, हे लोक विसरतात.

उडता_इंदूरकर
जाऊन आलो, दोघांचे मनापासून आभार. रोल (डावी-उजवीकडे फिरवणं) एकदम स्वच्छ, आकडा स्थिर. पिचमध्ये (मागे-पुढे ओढताना) मधोमध थोडं पुढे एका जागी दर वेळी उडी मारतो, आणि हात काढला तरी आकडा थरथरतो. बाकी दांडा घट्ट आहे, प्ले नाहीच. विकणारे काका भले आहेत, म्हणाले बघा सावकाश. हा दुरुस्त होतो का?

शेपटीचा_वारा
थरथर यूएसबी हबमुळे पण येते, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावून परत बघायचं होतं. पण एकाच जागी दर वेळी उडी म्हणजे पॉटच, आणि तीही मधोमध, कारण सगळ्यात जास्त वापर तिथेच होतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला तर धूळ असेल तर जाईल, पट्टीच झिजली असेल तर थोड्या दिवसांनी परत येईल, मग पॉट बदलावा लागतो. सोल्डरिंग येत असेल किंवा ओळखीचा टीव्ही रिपेअरवाला असेल तर अवघड नाही, फक्त जुन्या पॉटवर छापलेली व्हॅल्यू आणि त्याच्या दांड्याची लांबी बघून तसाच आणा. योकचा दांडा घट्ट आहे म्हणताय तर मी घेईन, पण काकांना आकडे दाखवून पॉटचे पैसे कमी करायला सांगा, भला माणूस आहे तर ऐकेल.

ताशी_शंभर_नॉट
घेतलात तर उघडल्यावर दांड्याचं जुनं ग्रीस पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, सियागंजला मिळेल. गाडीचं ग्रीस आणू नका, प्लास्टिकच्या बुशला काही ग्रीस चालत नाहीत, आणि स्प्रेवालं तेल तर नकोच, ते असलेलं ग्रीस धुऊन काढतं.