स्टुटगार्टमध्ये ट्रेकिंगवाले जर्मन मित्र जोडायचे कसे?

ढाकबहिरी:

नमस्कार मंडळी. पुण्याहून स्टुटगार्टला येऊन येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत आहे. इथे मराठी लोक भरपूर आहेत, गणपती, कोजागरी, दिवाळीचा फराळ सगळं होतं आणि पहिला हिवाळा मी त्यांच्याच जिवावर काढला, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन वर्षांत माझा एकही जर्मन मित्र झाला नाही हे आता फार टोचायला लागलंय.

पुण्यात असताना दर रविवारी सह्याद्रीत असायचो. सकाळी ज्याचं नाव माहीत नाही त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दुपारी खायची आणि परत येताना टपरीवर चहा पिता पिता पुढच्या रविवारचा गड ठरवायचा, असेच माझे सगळे मित्र झालेत. इथे ऑफिसमधले लोक खरंच चांगले आहेत, कामात मदत करतात, पण साडेचार वाजले की फॉयराबेंड, म्हणजे आजचं काम संपलं, म्हणतात आणि गेले. तिघाचौघांना "या ना कधीतरी घरी चहाला" म्हणून झालं, सगळे "गेर्नं, गेर्नं" (हो हो, आनंदाने) म्हणाले, आलं कोणीच नाही. परदेशी लोकांसाठीच्या भेटीगाठींच्या कार्यक्रमांनाही पाच-सहा वेळा गेलो, पण दर वेळी नवे चेहरे आणि तेच प्रश्न, कुठून आलास, काय करतोस, किती दिवस आहेस, मग एक व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो आणि तो पंधरा दिवसांत गप्प.

जर्मन भाषेची ए२ पातळी झालीय, त्यापुढची बी१ चालू आहे. शाकाहारी आहे. डोंगर आवडणारे, माझ्यासारखे स्थानिक लोक मला भेटणार कुठे?

आल्बची_वारी:

अकरा वर्षं एस्लिंगनला आहे, तुझ्यासारखाच भटका, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ते "कधीतरी" बंद कर. आपल्याकडे कधीतरी म्हणजे खरंच आमंत्रण असतं, माणूस कुठल्याही रविवारी उगवतो आणि आपण पोहे टाकतो. इथे कधीतरी म्हटलं की ती सभ्यता समजतात. "शनिवारी २१ तारखेला दुपारी ३ वाजता कॉफी आणि केकला ये" असं म्हण. तो खिशातून कॅलेंडर काढेल आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख देईल. त्यात वाईट वाटून घेऊ नको, ती तारीख तो मोडत नाही. आणि ३ म्हणजे ३.

आता डोंगर. आपल्या भागात श्वेबिशर आल्बफेराइन, म्हणजे आल्ब या इथल्या डोंगररांगेतल्या भटक्यांचा संघ आहे, १८८८ साली प्लोखिंगनला सुरू झालेला. प्लोखिंगनला तुझ्या इथून एस-बान (लोकल) जाते. जवळजवळ प्रत्येक गावात त्यांचा स्थानिक ग्रुप असतो आणि त्यांच्या रविवारच्या वांडरुंगला, म्हणजे पायी भटकंतीला, पाहुणे चालतात, तारखा आधीच जाहीर झालेल्या असतात. डॉइचलांडटिकेट (देशभरच्या लोकल गाड्यांचा महिन्याचा पास) असेल तर बाड उराखपर्यंत जायला वेगळा खर्च नाही, मेट्सिंगनला गाडी बदलायची.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खरं सांगतो, मन खट्टू झालं. वीस माणसं, बहुतेक सगळी साठीच्या पुढची, हातात काठ्या, आणि इथली श्वाबिश बोली इतकी घट्ट की माझं बी१ जर्मन तिथे काहीच कामाचं नव्हतं. तरी चार रविवार गेलो. चारही वेळा चाल संपली की सगळ्यांना टाटा करून मी गाडी पकडायला पळायचो, आणि चाल संपल्यावर ही सगळी मंडळी कुठे जातात ते मी विचारलंच नाही. ती गास्टहाउसमध्ये, म्हणजे गावातल्या खानावळीत जायची. त्याला आइनकेर म्हणतात आणि खरी वांडरुंग तिथेच सुरू होते रे! चालताना ही माणसं मोजकं बोलतात, बसल्यावर मन मोकळं करतात. आपल्या टपरीवरच्या चहासारखंच, फक्त दोन तास चालतं. पाचव्या रविवारी एका आजोबांनी विचारलं, तुला नेहमी एवढी घाई का असते? त्या दिवशी थांबलो.

पुढच्या वसंतात त्या आजोबांनी मला वाटेवरच्या खुणा रंगवायला नेलं. आल्बच्या कड्याकड्याने डोनाउव्योर्टपासून टुटलिंगनपर्यंत जी मोठी वाट जाते तिच्यावर लाल त्रिकोण असतो बघ, त्या खुणा, पाट्या, वाटेवर पडलेल्या फांद्या हे सगळं हेच लोक बघतात, बिनपैशाचं. चार तास आम्ही झाडांवर त्रिकोण रंगवत होतो, बोलणं अगदी थोडं. डबा खाताना ते म्हणाले, मला आता नावाने हाक मार, डू म्हण. अहोजाहोवरून अरेतुरेवर यायला सात महिने लागले, पण वयाने मोठ्या माणसाने स्वतःहून डू देणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्यांचा मुलगा माझ्या वयाचा निघाला. आज तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे, माझी आई गेली तेव्हा मला विमानतळावर सोडायला पहाटे ४ वाजता आला होता.

म्हणून सांगतो, वय बघून मागे फिरू नको.

नेकारकाठची:

आल्बवारी दादांना माझं अनुमोदन. मी ट्युबिंगनला १९९४ पासून आहे, तेव्हा इथे मराठी बोलायलाही कोणी नव्हतं, एका अर्थाने ते बरंच झालं.

ढाकबहिरी, तुझा एक मुद्दा मला नेमका वाटला, दर वेळी नवे चेहरे. तेच चुकतंय. इथली माणसं ओळखीला ओळखच म्हणतात, बेकानंटं, आणि फ्रॉइंड हा शब्द जपून वापरतात. आपणही ओळखीचा आणि मित्र असा फरक करतोच की. तर त्या ओळखीचं पुढे काही व्हायचं असेल तर तीच माणसं, तोच वार, तीच जागा असं वर्षभर तरी व्हावं लागतं आणि त्यासाठी इथे फेराइन, म्हणजे हौशी लोकांच्या संघटना असतात. नोंदणीकृत संघटना देशभरात सहा लाखांच्या आसपास आहेत, सात माणसं जमली की नोंदणी करता येते. गाण्याच्या, मधमाश्यांच्या, बुद्धिबळाच्या, कशाच्याही.

मी चर्चच्या गायकवृंदात गेले. मी हिंदू आहे, मला चालेल का असं विचारलं तर त्यांनी विचारलं, तुमचा आवाज आल्ट की सोप्रान, म्हणजे खालच्या पट्टीचा की वरच्या? एवढंच. आईकडे नाट्यसंगीत शिकलेली मी, स्वरलिपी बघून गायची सवय नाही, घरी रात्र रात्र बसून पाठ करायचे. दर मंगळवारी साडेसातला तालीम. सात-आठ महिने "हॅलो" आणि "चूस" (बाय) याच्या पलीकडे कोणी गेलं नाही. त्या वर्षी आडव्हेंटमध्ये, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, बाखचं ख्रिसमस ओरेटोरियो (नाताळची मोठी गायनरचना) होतं आणि मी नेमकी तापाने पडले, दोन तालमी चुकल्या. तिसऱ्या दिवशी दारात शेजारी उभी राहणारी आल्टवाली, हातात मसुराच्या सूपचं भांडं आणि माझ्यासाठी पेन्सिलीने खुणा केलेली स्वरलिपीची प्रत. मी रडले. तीस वर्षं झाली, ती मला बहिणीसारखी आहे.

अजून थोडं, कारण या गोष्टी कोणी सांगत नाही. वाढदिवस तुझा असेल तर केक तू न्यायचा, ऑफिसात आणि फेराइनमध्येही, आणि कोणालाही आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, अपशकुन मानतात. श्वाबी माणूस कौतुक करत नाही म्हणून नाराज होऊ नको, त्यांच्यात म्हणच आहे की रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. पहिली दोन वर्षं मला वाटायचं मी वाईट गाते.

फासे_टाक:

थोडं वेगळं मत. आधी फेराइन शोधायचा, मग सात-आठ महिने वाट बघायची, असं ऐकूनच माणूस खचतो. मी आधी बर्लिनला होतो, तिथे इंग्रजीवर तीन वर्षं मजेत गेली. हां, पण तिथले माझे मित्र म्हणजे सगळे बाहेरून आलेले, दोन वर्षांत एकेक करत दुसऱ्या शहरात गेले आणि मी पुन्हा एकटा, हेही तितकंच खरं.

हानोफरला आल्यावर मला बोर्ड गेम्सनी वाचवलं. या देशात मोठी माणसं मनापासून पटावर खेळतात, वर्षातला उत्तम खेळ निवडायचं बक्षीस १९७९ पासून देतात, काटान नावाचा खेळ इथलाच, १९९५ ला त्याला तेच बक्षीस मिळालं. लायब्ररीत, कॅफेत, तरुणांच्या केंद्रात खेळायच्या संध्याकाळी असतात. मोडक्या जर्मनवाल्या माणसाला हे फार सोयीचं पडतं, कारण काय बोलायचं ते खेळच ठरवतो. "मला दोन मेंढ्या दे, मी तुला वीट देतो" हे ए२ मध्ये बसतं! शांत बसलात तरी विचित्र वाटत नाही, सगळेच विचार करत असतात. माझं जर्मन क्लासपेक्षा तिथे जास्त सुधारलं.

ढाकबहिरी:

खूप खूप आभार, काकू, तुमचा सूपचा प्रसंग वाचून घशात आवंढा आला. दोन शंका आहेत.

एक, जेवणाचं काय? त्या गास्टहाउसमध्ये सगळं मांसाहारी असेल तर दर वेळी मी वेगळा पडणार.

दुसरी जरा अवघड. मागच्या वर्षी मी एका खेळाच्या क्लबमध्ये चाचणीच्या दिवशी गेलो होतो, तिथे दोन तास कोणी माझ्याशी बोललं नाही, आणि एकाने मला बघून शेजाऱ्याला काहीतरी म्हटलं आणि दोघं हसले. भाषा कळली नाही पण सूर कळला. तेव्हापासून नव्या ठिकाणी एकट्याने जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

दोर_आणि_गाठ:

दुसऱ्या शंकेचं आधी. तुला जे वाटलं ते खरं असू शकतं आणि ते तू गिळायची गरज नाही. मला पण एकदा असं झालं, मी तिथे परत गेले नाही. गप्प बसणारा ग्रुप आणि तुच्छतेने बघणारा ग्रुप यांत फरक असतो, पहिल्याला चार-पाच वेळा संधी दे, दुसऱ्याला एकदाही नको. तोच खेळ शेजारच्या गावातल्या क्लबमध्ये अगदी वेगळा निघू शकतो, माझा निघाला.

आणि वयाने जवळची माणसं हवी असतील तर डॉइचर आल्पेनफेराइन, म्हणजे जर्मन गिर्यारोहण संघ बघ, १८६९ पासून आहे, पंधरा लाखांच्या वर सभासद आहेत, त्यांची श्वाबेन शाखा स्टुटगार्टमध्येच आहे. देगरलोखला वाल्डाउवर त्यांचं क्लाइंबिंग सेंटर आहे. सभासदांना आल्प्समधल्या डोंगरी विश्रामगृहांत मुक्काम स्वस्त पडतो, डोंगरातल्या बचावाचा विमाही त्यातच येतो. पण तुझ्यासाठी खरी गोष्ट ही की दोराने चढायचं तर जोडीदार लागतोच. ज्याचा दोर तुमच्या हातात आहे त्याच्याशी परकेपणा फार दिवस टिकत नाही. बिगिनर्स कोर्स कर, तिथेही तीच आठ माणसं आठवडाभराने पुन्हा भेटतात. आल्प्समध्ये १००० मीटरच्या वर सगळ्यांनी एकमेकांना डू म्हणायची जुनी रीत आहे, ती या हॉलमध्येही लागू आहे असं समज, मला तरी अहोजाहो कोणी केलेलं नाही.

आल्बची_वारी:

जेवणाचं मी सांगतो. केझेश्पेट्सलं म्हणजे चीज घातलेल्या शेवया सगळीकडे मिळतात. मसूर आणि श्पेट्सलं मागव, फक्त "मांसाशिवाय" असं आधीच सांग. एका गोष्टीला सगळे शाकाहारी फसतात, इथल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये बहुतेक वेळा मांसाचं पाणी असतं, विचारूनच खा. आणि वेगळा पडशील याची काळजी सोड. मी तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन गेलो होतो, डबा उघडला आणि दहा मिनिटांत माझ्या वाट्याला एकच उरली. आता प्रत्येक वांडरुंगला त्यांच्या आठवणीत असतं.

पोटातल्या गोळ्याचं म्हणशील तर पहिल्या खेपेला मी येतो तुझ्यासोबत. पण एकच खेप, कारण मी असलो की तू मराठीत बोलणार. निरोप पाठव.

ढाकबहिरी:

सात आठवड्यांनी लिहितोय. आल्बवारी दादा पहिल्या रविवारी आले आणि कबूल केल्याप्रमाणे दुसऱ्याला आले नाहीत. एकूण पाच वांडरुंग झाल्या, त्यातली एक पावसात उराखच्या धबधब्याला, सगळे चिंब, आणि आपल्याकडच्या जुलैतल्या ट्रेकसारखाच मातीचा वास. त्या दिवशी पहिल्यांदा मला इथे आपल्या घरच्यासारखं वाटलं. मित्र झाला असं अजून म्हणणार नाही. पण एका निवृत्त शाळामास्तरांनी माझ्यासाठी श्वाबिश शब्दांची यादी हाताने लिहून आणली, आणि एक जोडपं आहे, साधारण माझ्याच वयाचं, त्यांना मी तारीख, वेळ सांगून घरी बोलावलं. आले. ३ म्हणजे ३ वाजता, कागद काढलेली फुलं घेऊन. मी साबुदाण्याची खिचडी केली होती, त्यांनी कृती लिहून घेतली आणि निघताना त्यांनीच पुढची तारीख विचारली, ७ तारीख, त्यांच्याकडे.

या शनिवारी पाट्या साफ करायला आणि खुणा रंगवायला येशील का म्हणून मास्तरांनी विचारलंय. मी हो म्हटलं. जुने कपडे घालून जायचं ना?

आल्बची_वारी:

जुनेच घाल, तो लाल रंग निघत नाही. परतीची गाडी मात्र शेवटचीच पकड.